खारं बोअर आणि फुकटचं ऊन: वस्तीवर सौर आरओ उभारताना

बोअरचं पाणी खारं आहे हे कळायला मीटर लागत नाही. तुरीची डाळ दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा मोडत नाही, साबणाला फेस येत नाही, तपेलीच्या तळाला पांढरी खपली धरते. सांगली जिल्ह्यात जतच्या पूर्वेकडं कर्नाटकाच्या हद्दीलगत मी गेली काही वर्षं बोअरच्या मोटारी काढतो-घालतो. तिथल्या एका वस्तीवर आम्ही उन्हावर चालणारा आरओ, म्हणजे खारं पाणी जोरानं बारीक पडद्यातून ढकलून गोडं करणारा प्लांट बसवला. त्यात जे शिकलो आणि जिथं ठेच खाल्ली, ते क्रमानं सांगतो. आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव, कुठल्याही कोरड्या पट्ट्यात हिशोब साधारण हाच राहील. आकडे मात्र तुमच्या पाण्याचे घाला.

आधी पाणी तपासा, मग कोटेशन मागा

बहुतेक जण उलटं करतात. टीडीएस मीटर दोन-चारशे रुपयांना मिळतो, तो जरूर घ्या, पण त्याला फक्त एकूण विरघळलेले क्षार कळतात. नायट्रेट, फ्लोराइड, जंतू यातलं काहीच दिसत नाही. टीडीएस ६०० असलेलं पाणी नायट्रेटमुळं तान्ह्या बाळाला घातक असू शकतं आणि मीटर मात्र ‘ठीक’ म्हणेल.

नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. मोटार आधी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे पाइपातलं शिळं पाणी निघून जाईल. स्वच्छ कॅन त्याच पाण्यानं तीनदा खंगाळून लिटरभर भरा. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते, ती त्यांच्याकडूनच घ्या आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. नमुना दोनदा घ्यावा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. एकाच बोअरचे हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की वेगवेगळ्या बोअरचे वाटतात.

रिपोर्ट वाचताना भारतीय मानक १०५०० समोर ठेवा. टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. एकूण कठीणपणा २०० आणि ६००, क्लोराइड २५० आणि १०००, फ्लोराइड १ आणि १.५. नायट्रेट ४५, आणि त्याला सवलत नाही. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळं वाढतं. बाळाच्या दुधाला पाणी उकळून वापरणाऱ्या घरात हे मुद्दाम सांगावं लागतं.

यादीत सिलिका नसते. ती वेगळी सांगून तपासून घ्या. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, त्यातून मुरलेल्या पाण्यात सिलिका असतेच. ती पिणाऱ्याला त्रास देत नाही, मेम्ब्रेनला, म्हणजे आरओच्या पडद्याला देते. त्यावर पुढं बोलू.

आमच्या वस्तीवरच्या बोअरचा टीडीएस २६०० निघाला.

आरओ खरंच लागतो का?

हा प्रश्न विचारला की धंदा बुडतो, पण विचारलाच पाहिजे. घरावर ५० चौरस मीटर पत्रा असेल आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर २५ हजार लिटर पाणी पत्र्यावर पडतं. गळती-उडती सोडून २० हजार हाती लागतं. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला माणशी ५ लिटर धरलं तर वर्षाला ९१२५ लिटर पुरे. नोव्हेंबर ते मे हे सात कोरडे महिने काढायला सव्वापाच हजार लिटरची टाकी लागते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, टाकीला झाकण, जाळी आणि क्लोरीन, एवढं केलं की झालं. ज्यांची घरं पत्र्याची आणि ज्यांना टाकी परवडते त्यांनी आधी हेच करावं. म्हैसाळ किंवा टेंभू उपसा योजनेचं पाणी जवळ आलं असेल तर ते गाळून, निर्जंतुक करून वापरणंही आरओपेक्षा स्वस्त पडतं.

आमच्या वस्तीत निम्मी घरं छपराची, कॅनॉल लांब, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. म्हणून आरओ.

एका घरासाठी: काचेची पेटी

रानात एकटंच घर असेल तर आरओच्या भानगडीत पडू नका. सौर ऊर्ध्वपातनाची पेटी करा. तत्त्व चुलीवरच्या झाकणाचं आहे: पाणी तापतं, वाफ होते, थंड काचेच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि घसरत पन्हाळीत येतात. मीठ तळाशी राहतं. चिलीत लास सलिनास इथं १८७२ मध्ये खाणीवरच्या खेचरांना पाणी पाजायला ४७०० चौरस मीटरची अशी काचशेती उभारली होती. आपल्याकडं भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेनं १९७८ मध्ये अवानिया गावात हाच प्रयोग गावपातळीवर केला.

एक मीटर लांब-रुंद, बोटभर-दोन बोटं पाणी राहील असा उथळ हौद सिमेंटचा किंवा फायबरचा करा. आतून काळा रंग, खाली भुसा किंवा थर्माकोलचा थर, वर ४ मिलिमीटरची काच १५ ते २० अंश उतारानं. कडेच्या फटी सिलिकॉननं बुजवा आणि वास जाईपर्यंत चार-पाच दिवस वाळू द्या, नाहीतर पहिलं पाणी व्हिनेगरसारखं लागतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २३०० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते, त्यामुळं कितीही कारागिरी केली तरी चौरस मीटरला चांगल्या उन्हात दिवसाला दोन-तीन लिटरच मिळतात. ढगाळ दिवशी त्याच्याही निम्मं. पाच माणसांच्या नुसत्या पिण्यापुरत्या अशा पाच-सहा पेट्या लागतील. हौदातलं खारं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर तळाशी मिठाचा पांढरा थर बसून काळा रंग झाकला जातो आणि ऊन उलटून जातं.

फुटणारी काच सोडली तर यात बिघडण्यासारखं काही नाही.

वस्तीसाठी: आरओचा हिशोब

आमची माणसं १८०, शिवाय शाळा. माणशी ८ लिटर आणि वर शाळेचं धरून पावणेदोन हजारांच्या आसपास, म्हणून रोज २००० लिटर गोडं पाणी ठरवलं. आंघोळ, भांडी, जनावरं यासाठी आरओचं पाणी द्यायचं नाही. तो मोह पहिल्याच बैठकीत मोडून काढा.

तासाला ५०० लिटर गोडं पाणी देणारा प्लांट घेतला. चार इंची, चाळीस इंच लांबीचे दोन मेम्ब्रेन, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘चाळीस-चाळीस’. अशा मेम्ब्रेनवर कंपनी दिवसाला ९ हजार लिटर छापते. तो आकडा चाचणीतल्या पाण्याचा आणि जास्त प्रेशरचा असतो. आपल्या पाण्यावर एकाकडून तासाला अडीचशेच्या आसपास धरा.

आता वीज. खाऱ्या पाण्याला स्वतःचा एक उलटा जोर असतो: १००० टीडीएसला पाऊण किलोच्या (चौरस सेंटिमीटरवर) आसपास. आमचं पाणी २६००, म्हणजे सुरुवातीला दोन किलो. पण मेम्ब्रेनमधून पुढं जाताना ते घट्ट होत ५१०० पर्यंत पोचतं, तिथं उलटा जोर चार किलो. त्याच्यावर मात करून पाणी पडद्यापार ढकलायला पंपावर १२ किलो प्रेशर ठेवलं. मोटारवाल्यांच्या हिशोबात १२ किलो म्हणजे १२० मीटर, चारशे फूट बोअरमधून पाणी वर काढण्याएवढा जोर. तासाला हजार लिटर कच्चं पाणी, छोट्या पंपाची बेताची कार्यक्षमता, वर सँड फिल्टरचा अर्धा हॉर्सपॉवरचा पंप, असं मिळून दीड किलोवॉट लागतात. चार तासांत ६ युनिट, हजार लिटरला ३ युनिट. मोठे प्लांट याच्या निम्म्यात भागवतात, लहानांना ते जमत नाही.

पॅनल: बॅटरी नको, टाकी मोठी घ्या

कोटेशन देणारा प्रत्येक जण बॅटरी घालून देतो. आम्ही ती कापली. वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणं स्वस्त, आणि टाकीला चार-पाच वर्षांनी बदलावं लागत नाही. गोड्या पाण्याची ५ हजार लिटरची टाकी ठेवली, म्हणजे अडीच दिवस ढग राहिले तरी निभावतं.

बॅटरी नाही म्हणजे मोटार थेट उन्हावर, मध्ये उन्हाप्रमाणे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा सोलर ड्राइव्ह. मोटार थ्री फेज २२० व्होल्टची घ्या, सिंगल फेजच्या कपॅसिटरवाल्या मोटारीला कमी-जास्त वेग मानवत नाही. फिल्टरची आणि प्रेशरची अशा दोन्ही मोटारी एकाच ड्राइव्हवर, पण प्रत्येकीला स्वतंत्र ओव्हरलोड रिले.

पॅनलची गिनती नुसत्या वॉटवर करू नका. ५४० वॉटचे सहा पॅनल ताकदीला पुरले असते, पण ड्राइव्हला तीनशेच्या वर डीसी व्होल्ट लागतात आणि एका पॅनलचे चालू कामात एक्केचाळीसच्या आसपास. म्हणून आठ पॅनल एका ओळीत जोडले, ३३० व्होल्ट. जास्तीच्या ताकदीचा फायदा असा की सकाळी साडेआठलाच पंप उठतो. उघड्या सर्किटचं व्होल्टेज मात्र ड्राइव्हच्या कमाल मर्यादेच्या आत असलं पाहिजे, आणि ते जानेवारीच्या थंड सकाळी सगळ्यात जास्त असतं हे लक्षात ठेवा.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार १७ अंश, कारण आपला अक्षांश तेवढाच. जागा २०-२२ चौरस मीटर. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, तेव्हा खांबाचा पाया मुरमात नीट खोल घ्या. आणि पॅनल बोअरच्या पाण्यानं धुऊ नका. वाळल्यावर काचेवर ठिपके राहतात, मग ते खरवडत बसावं लागतं. कोरड्या फडक्यानं पुसा किंवा गोडं पाणी वापरा.

ड्राइव्हमध्ये एक सेटिंग जपून करा. वेग निम्मा झाला की पंपाचं प्रेशर चौथाईवर येतं. ढग आला आणि पंप ३० हर्ट्झवर रेंगाळत राहिला, तर पाणी जवळजवळ पडत नाही, पण क्षार मात्र पडद्यातून झिरपत राहतात. आम्ही खालची मर्यादा ४० हर्ट्झ ठेवली. त्याखाली आलं की बंद, ऊन आलं की पाच मिनिटांनी परत चालू. चालू झाल्यावरचं पहिल्या दोन-तीन मिनिटांचं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही, कच्च्या टाकीत वळवायचं.

तुमच्याकडं शेतीचा सौर पंप असेल तर त्याच पॅनलवर हे चालवायची कल्पना सुचेल. पीएम-कुसुम या सरकारी सौर पंप योजनेत पंपाशिवाय इतर यंत्रं चालवणारा युनिव्हर्सल कंट्रोलर बसतो. पण पंप हमीच्या मुदतीत असेल तर आधी लेखी परवानगी घ्या, नाहीतर एका वायरीपायी हमी जाईल.

मेम्ब्रेन जिथं मरतात

क्रम असा: कच्ची टाकी, सँड फिल्टर, कार्बन फिल्टर, अँटिस्केलंटचा (क्षारांचा थर धरू न देणाऱ्या औषधाचा) डोसिंग पंप, ५ मायक्रॉनची कार्ट्रिज, प्रेशर पंप, मेम्ब्रेन. हे चित्र सगळेच दाखवतात.

आमचा पहिला जोड सात महिन्यांत गेला. पंचायतीकडून टाकी धुवायला आलेल्या पोरानं इमानेइतबारे, नेहमीच्या सवयीनं, कच्च्या टाकीत टीसीएल पावडर ओतली. क्लोरीन अडवणारा कार्बनचा थर कधीच दमलेला. क्लोरीन थेट मेम्ब्रेनवर. आठवड्यात गोड्या पाण्याचा टीडीएस ११० वरून ६०० वर गेला आणि परत खाली आलाच नाही. आरओचा पडदा क्लोरीनला अजिबात टिकत नाही, आणि जळलेला पडदा धुऊन सुधारत नाही. आता कच्च्या टाकीवर लाल रंगात लिहिलंय: ‘पावडर टाकू नये’. क्लोरीन गोड्या पाण्याच्या टाकीत, शेवटी, नळाला ०.२ मिलिग्रॅम उरेल एवढं.

दुसरा मारेकरी सिलिका. समजा कच्च्या पाण्यात ५० मिलिग्रॅम सिलिका आहे. निम्मं पाणी गोडं काढलं तर उरलेल्यात ती १०० होते. ७० टक्के काढलं तर १६५ च्या वर, आणि १२० च्या आसपास ती विरघळलेली राहत नाही, काचेसारखी पडद्यावर बसते. सायट्रिक ॲसिडनं चुन्याचा थर निघतो, हा निघत नाही. म्हणून ‘पाणी वाया जातंय’ म्हणून कुणी रिजेक्टची, म्हणजे उरलेल्या घट्ट खाऱ्या पाण्याची चावी आवळू लागला तर त्याचा हात धरा. आमच्याकडं ५० टक्क्यांवर चावीचं हँडलच काढून ठेवलंय.

संध्याकाळी बंद करताना पाच मिनिटं गोड्या पाण्यानं फ्लश, कंटाळा न करता. नाहीतर आतलं घट्ट पाणी रात्रभर थर धरतं. कच्च्या टाकीवर सावली हवी. एप्रिलात काळी टाकी उघड्यावर ठेवली तर पाण्याला हात लावता येत नाही, आणि मेम्ब्रेनची मर्यादा ४५ अंश. मोटारीची वही ठेवा: रोज प्रेशर, दोन्ही पाण्यांचा वेग, टीडीएस. कार्ट्रिजच्या आधी-नंतरच्या प्रेशरमध्ये फरक वाढला की ती बदलायची, तारीख बघून नाही.

चव

पहिल्या दिवशी आक्कांनी पेल्यातलं पाणी तोंडात घोळवलं. “आरं, पाणी ग्वाड हाय म्हणं, पर ह्याला चवच न्हाई की!” बरोबर होतं त्यांचं. ११० टीडीएसचं पाणी फिकंच लागतं. ९ भाग गोड्यात १ भाग सँड फिल्टरचं कच्चं पाणी मिसळलं की टीडीएस साडेतीनशेच्या घरात येतो. हे नायट्रेट आणि फ्लोराइडचे आकडे बघूनच करायचं, आणि मिसळल्यानंतर क्लोरीन.

आमच्या २६०० टीडीएसच्या कच्च्या पाण्याला खरं तर विजेनं क्षार ओढून काढायची इलेक्ट्रोडायलिसिसची पद्धत चांगली. पाणी कमी वाया जातं. जळगावच्या जैन इरिगेशननं एमआयटीबरोबर असं सौर यंत्र केलं आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. पण बिघडलं तर जतच्या बाजारात त्याचा सुटा भाग मिळत नाही, आरओचा मिळतो. आमच्यासाठी वाद तिथंच मिटला.

रिजेक्ट पाणी कुठं?

प्लांट आखताना हा प्रश्न आमच्यापैकी कुणी काढला नाही. काढला तो उताराला शेत असलेल्या आबांनी. “त्यो पाइप माझ्या बांधावर सोडणार व्हय?”

हिशोब मांडला तेव्हा मीही गप्प झालो. रोज ४ हजार लिटर कच्चं पाणी, लिटरला २.६ ग्रॅम क्षार. गोड्या पाण्यात जेमतेम पाव किलो जातात, उरलेले दहा किलो रिजेक्टमध्ये. रोज दहा किलो. पाच दिवसांत सिमेंटच्या पोत्याएवढे, वर्षाला साडेतीन टनांवर. हे जमिनीत सोडलं तर काय होतं ते बघायला लांब जायला नको. वाळवा, पलूस, मिरजेच्या कृष्णाकाठी जाऊन उसाच्या रानात पांढरी फुली फुटलेली, दोन पिढ्यांत क्षारपड झालेली जमीन बघून यावी. तिथं मीठ जास्तीच्या पाण्यानं वर आलं. इथं आपण ते पाइपानं आणून ओतणार. जुन्या बोअरमध्ये किंवा विहिरीत सोडायचा सल्ला देणारेही भेटतात. तेच पाणी फिरून आपल्याच प्लांटमध्ये येणार, जास्त खारं होऊन.

आम्ही दोन वाटा केल्या. निम्मं रिजेक्ट संडासाला आणि फरशी धुवायला, वेगळ्या निळ्या नळानं. ५१०० टीडीएस जनावरांना रोज पाजू नये, आणि आरसीसीच्या कामालाही वापरू नये, क्लोराइडनं सळई खाल्ली जाते. उरलेलं निम्मं बाष्पीभवनाच्या तळ्यात. पावसाचं पाणी वजा जाता वर्षभराची सरासरी रोज ४ मिलिमीटर निव्वळ आटणी धरली, तर हजार लिटरला २५० चौरस मीटर, म्हणजे अडीच गुंठे लागतात. आम्ही तीन घेतले. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद, गुडघाभर खोली, चहूबाजूंनी बांध आणि कुंपण. खोल तळं करू नका, आटायला पृष्ठभाग लागतो, खोली नाही. सगळं रिजेक्ट तळ्यात घालायचं तर पाच-सहा गुंठे लागतील. ही जागा आधी ठरवा, प्लांटची खोली नंतर.

संडासाच्या शोषखड्ड्यात जाणारं मीठही जमिनीतच जातं, हे आबांनी नंतर बरोबर पकडलं. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. दरवर्षी उताराच्या दोन विहिरींचा टीडीएस मोजून वहीत लिहायचा, एवढं ठरलं.

पैसे आणि माणूस

२० लिटरचा जार ५ रुपयांना. शंभर जार खपतील असा कागदावरचा अंदाज, खरे खपतात साठ. दिवसाला ३००, महिन्याला ९ हजार. त्यातले ५ हजार प्लांट बघणाऱ्या बाईंना, दीड हजार कार्ट्रिज, अँटिस्केलंट, क्लोरीनला. उरलेले अडीच हजार वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. वर्षाला ३० हजार होतात, त्यात मेम्ब्रेनचा जोड येतो. फुकट पाण्याची घोषणा झाली की हे खातं रिकामं राहतं आणि तिसऱ्या वर्षी प्लांटला कुलूप लागतं. बसवणाऱ्याशी करार करताना देखभालीची मुदत, मेम्ब्रेनचा ब्रँड आणि भाग किती दिवसांत आणून देणार ते लिहून घ्या.

मे महिन्यात तळं खालपर्यंत आटलं. लाकडी फावड्यानं, कागद फाटू न देता मीठ खरवडलं, ३१ पोती भरली. दिसायला घरच्या मिठासारखंच, म्हणून प्रत्येक पोत्यावर कोळशानं ‘खायचं नाही’ लिहिलंय. पोती शाळेमागच्या शेडमध्ये फळ्यांवर रचून ठेवलीत. न्यायला अजून कुणी आलेलं नाही, आणि पावसाआधी शेडचा पत्रा बदलायचा आहे.